सुटातला कैदी

२८ डिसेंबर १९३४ची संध्याकाळ. फिलाडेल्फियात मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची परिषद भरली होती. देशभरातले भाषा-साहित्याचे प्राध्यापक जमलेले. जेवणं उरकली, चिरुटांचा धूर पसरला आणि करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. समोर येऊन बसला पंचेचाळिशीतला, दणकट बांध्याचा एक काळा माणूस. अंगात शेतमजुराचा ओव्हरऑल, गळ्याला लाल रुमाल, मांडीवर बारा तारांची भलीमोठी गिटार. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत तो लुईझियानातल्या अंगोला तुरुंगात खुनी हल्ल्याच्या गुन्ह्याखाली सक्तमजुरी भोगत होता. तो गायला लागला आणि जुन्या बॅलडांवर आयुष्यभर टिपणं काढलेली ती मंडळी खुर्चीत सावरून बसली. जे त्यांनी पुस्तकांतच वाचलं होतं, ते हाडामांसाचं समोर गात होतं.

माणसाचं नाव ह्यूडी लेडबेटर. जग त्याला लेडबेली म्हणून ओळखतं. त्याला तिथे आणलं होतं जॉन लोमॅक्स या लोकगीतसंग्राहकाने. त्या संध्याकाळचा वेश काय असावा, हेही लोमॅक्सनीच ठरवलं होतं. लेडबेलीच्या मनात असतं तर तो कडक इस्त्रीचा सूट घालून आला असता. लोकगायकाने कसं दिसावं, काय गावं आणि हे ठरवायचं कोणी, या प्रश्नांवर अमेरिकेत पुढे तीस-चाळीस वर्षं रण माजलं. त्या भांडणाचं मूळ शोधत मागे गेलं, तर आपण या ओव्हरऑलपाशी येऊन पोचतो.

लेडबेलीचा जन्म १८८८च्या सुमाराचा. लुईझियाना आणि टेक्सस यांच्या सीमेवर, कॅडो तलावाकाठी मूरिंग्सपोर्ट नावाचं गाव आहे, तिथला. बाप कष्टाळू शेतकरी, पै-पै जोडून त्याने स्वतःची जमीन केली होती. पोराच्या हातात लहानपणी अकॉर्डियन आलं, पुढे गिटार. मिसरूड फुटायच्या वयात तो श्रीवपोर्टच्या फॅनिन स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या बदनाम वस्तीत, गाऊ-वाजवू लागला. त्या वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यांत पियानोवाले डाव्या हाताने खर्जात जो दणदणीत ठेका धरत, तो त्याने गिटारच्या जाड तारांवर उतरवला. त्याच्या वादनातली ती गडगड तिथली आहे. पुढे डॅलसमध्ये ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध ब्लूज गायकाबरोबर तो फिरला.

अशा गवयाचं पोट लोकांच्या फर्माइशीवर चालतं. नाचासाठी वाजवायचं, देवाचं म्हणायचं, गोऱ्यांच्या मेजवानीत त्यांच्या आवडीचं गायचं, नाटक-तमाशातून आलेली नवी चालही उचलायची. आपल्याकडच्या वरातीतल्या बँडवाल्याला ‘हे आमच्या परंपरेत बसत नाही’ म्हणून चालतं का? लेडबेलीलाही चाललं नसतं. आपल्याला पाचशे गाणी येतात असं तो सांगायचा, आणि स्वतःला बारा तारांच्या गिटारवाल्यांचा जगातला राजा म्हणवून घ्यायचा. त्याच्या मनात त्याची स्वतःची जी प्रतिमा होती, ती ही. मजुराची नव्हे, राजाची.

माणूस मात्र तापट. १९१८ साली एका नातेवाइकाच्या खुनाबद्दल टेक्ससात त्याला ७ ते ३५ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंग पाहायला आलेल्या गव्हर्नर पॅट नेफ यांच्यासमोर त्याने सुटकेची विनवणी करणारं गाणं रचून म्हटलं. शाहिराने दरबारात कवन म्हणावं आणि इनाम घेऊन बाहेर पडावं, तसंच हे झालं. जानेवारी १९२५मध्ये, पायउतार होण्याच्या बेतात असताना, नेफनी त्याला माफी दिली. पण १९३०मध्ये एका गोऱ्या माणसावर चाकू चालवल्याबद्दल तो पुन्हा आत गेला, या वेळी अंगोलात.

तिथे जुलै १९३३मध्ये लोमॅक्स बापलेक येऊन थडकले. जॉन लोमॅक्स तेव्हा पासष्टीचे. तरुणपणी त्यांनी गुराख्यांची गाणी जमवून १९१०मध्ये पुस्तक काढलं होतं. मंदीत बँकेची नोकरी गेली, बायको वारली, आणि खचलेल्या अवस्थेत ते पुन्हा जुन्या वेडाकडे वळले. बरोबर अठरा वर्षांचा मुलगा ॲलन. मोटारीच्या मागच्या भागात ध्वनिमुद्रणाचं यंत्र बसवलेलं, वजन दीडशे किलोच्या घरात. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी, ते दक्षिणेतल्या तुरुंगांमागून तुरुंग पालथे घालत होते.

तुरुंगच का? लोमॅक्स यांचा हिशेब सरळ होता. बाहेर रेडिओ आणि ग्रामोफोनने काळ्या लोकांची जुनी गाणी बाटवली आहेत. वर्षानुवर्षं कोंडलेल्या कैद्यांपर्यंत मात्र ही हवा पोचलेली नाही. तिथलं गाणं म्हणजे झाकण लावून ठेवलेल्या विहिरीचं पाणी. विचार सुबक होता, पण ज्या माणसात त्यांना या विहिरीचा झरा सापडला, तो चाळिशी ओलांडून अंगोलात आला होता. त्याआधी तो गुत्ते, बाजार, नाच आणि रस्ते यांत मुरलेला होता. पाणी बाहेरूनच आलं होतं. झाकण तेवढं नंतर बसलं.

जुलै १९३४मध्ये लोमॅक्स जास्त चांगलं यंत्र घेऊन परत आले. या वेळी लेडबेलीने लुईझियानाचे गव्हर्नर ओ. के. ॲलन यांच्या नावाने विनवणीचं गाणं गायलं, आणि सोबत ‘आयरीन’ हे आपलं आवडतं गाणं. लोमॅक्सनी ती तबकडी गव्हर्नरच्या कार्यालयात नेऊन दिली. १ ऑगस्टला लेडबेली सुटला. तुरुंगाधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार ही सुटका चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणाऱ्या सवलतीमुळे नियमानेच झाली होती. पण ‘गाऊन दोनदा तुरुंगातून सुटलेला खुनी’ ही कथा इतकी झकास होती की कागदपत्रं वाचत बसायला कोणाला सवड नव्हती. लेडबेलीलाही ती कथा हवी होती आणि लोमॅक्सनाही.

सप्टेंबरमध्ये लेडबेली लोमॅक्स यांच्याकडे कामाला लागला. गाडी चालवायची, यंत्र उचलायचं, आणि नव्या तुरुंगात गेल्यावर आधी स्वतः गाऊन कैद्यांची भीड मोडायची. जॉनला तो म्हणे थोरले मालक, आणि ॲलनला धाकटे मालक. हे धाकटे मालक तेव्हा १९ वर्षांचे, आणि त्यांना मालक म्हणणारा ४६ वर्षांचा. कोणी काय घालायचं आणि काय गायचं हे या घरात कसं ठरत असेल, ते एवढ्यावरून कळावं.

१९३५च्या पहिल्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्याला उचलून धरलं. दलदलीतला हा गोड गळ्याचा गवई दोन खुनांच्या मधल्या वेळात चार गाणी म्हणायला शहरात आला आहे, अशा थाटाचा मथळा ‘हेरल्ड ट्रिब्यून’ने दिला. कनेटिकटमधल्या विल्टन गावी एका घरात लोमॅक्स आणि लेडबेली राहू लागले. लेडबेलीची मैत्रीण मार्था प्रॉमिस लुईझियानाहून आली आणि २१ जानेवारीला त्यांचं लग्न लागलं. लग्नालाही बातमीदार आणि फोटोवाले हजर. मार्थाने स्वयंपाक-धुणं सांभाळायचं, लेडबेलीने गाडी आणि गाणं.

मग आले ‘मार्च ऑफ टाइम’वाले. चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवायची बातमीपटांची ही मालिका होती, आणि घडून गेलेल्या घटना खऱ्या माणसांकडूनच पुन्हा करवून घेण्याची तिची पद्धत होती. लेडबेली कॅमेऱ्यासमोर पुन्हा एकदा कैदी झाला. कैद्याच्या कपड्यात त्याने ‘आयरीन’ गायलं. मग सुटून आल्यावर लोमॅक्सकडे जाऊन, मला तुमचा चाकर करून घ्या, अशी गयावया केली. लोमॅक्सनी किंचित आढेवेढे घेतले आणि ठेवून घेतलं. दोघांनीही आपापलं काम पाठ केलं होतं. खऱ्या कैद्याने कैद्याचं सोंग घ्यायचं, आणि प्रेक्षकांनी ते अस्सल म्हणून पाहायचं. लेडबेलीला हे कपडे मनापासून नकोसे वाटत, हे पुढे खुद्द लोमॅक्सनीच कबूल केलं. तरी ते जपून ठेवले होते, दाखवायला म्हणून.

गाण्यांचंही तेच. लेडबेलीला जीन ऑट्री फार आवडे. ऑट्री म्हणजे रेडिओ आणि सिनेमातला गाणारा गोरा काउबॉय. म्हाताऱ्या बापावरचं त्याचं एक हळवं गाणं लेडबेली मोठ्या प्रेमाने म्हणायचा. लोमॅक्स यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. असलं बाजारू काही श्रोत्यांपुढे नको, अशी त्यांची ताकीद होती. त्यांना हवी होती शेतातली, तुरुंगातली, कुदळीच्या तालावरची गाणी. तीही लेडबेलीची होतीच, पण त्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच पोतडीतली. लोकगीत आणि चालू गाणं यांच्यामधली भिंत गवयाने बांधली नव्हती. ती संग्राहकाने बांधली, आणि गवयाला एका बाजूला उभं केलं.

पैशांची वाटणी अशी की कार्यक्रमांच्या मिळकतीतला एक तृतीयांश लेडबेलीचा, बाकीचे दोन हिस्से बापलेकांचे. हार्वर्डसारख्या विद्यापीठांत कार्यक्रम झाले, टाळ्या पडल्या, पण मार्च संपायच्या आत दोघांचं फाटलं. लेडबेली आणि मार्थाला बसची तिकिटं देऊन दक्षिणेत परत पाठवण्यात आलं. लेडबेलीने वकील गाठला आणि आपल्या हक्काचे पैसे मागितले. लोमॅक्स यांचं ‘निग्रो फोक साँग्ज ॲज संग बाय लेड बेली’ हे पुस्तक १९३६मध्ये निघालं. त्यातलं छायाचित्र कोणतं? पोत्यांवर बसलेला, ओव्हरऑल दुमडलेला, अनवाणी लेडबेली.

आता ही प्रतिमा निदान बाजारात चालली असेल, असं वाटेल. १९३५च्या सुरुवातीला अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनने त्याची चाळीसएक गाणी मुद्रित केली. बाहेर आल्या मोजक्या तबकड्या, आणि त्याही पडून राहिल्या. काळ्या गिऱ्हाइकाला तोपर्यंत शहरी, चकचकीत ब्लूज हवे होते. त्याच्या कानाला लेडबेली म्हणजे आजोबांच्या काळातलं काहीतरी. १९३६मध्ये हार्लेमच्या प्रसिद्ध अपोलो थिएटरात त्याला तुरुंग आणि माफीचा देखावा उभारून रंगमंचावर आणलं, तर प्रेक्षकांनी पाठ फिरवली. याचं आश्चर्य वाटायला नको. ज्यांचे आईबाप ओव्हरऑलमधून सुटण्यासाठी दक्षिण सोडून आले, ते पदरचे पैसे मोडून ओव्हरऑल बघायला कशाला येतील?

१९३७च्या एप्रिलमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच्यावर सचित्र मजकूर छापला. शीर्षकात त्याच्यासाठी जो शब्द वापरला, तो आज छापण्याजोगा नाही. गिटारवरच्या त्याच्या बोटांचं मोठं छायाचित्र होतं आणि खाली ओळ होती, याच हातांनी एकदा माणूस मारला, या अर्थाची. त्याच बोटांनी तारांवर काय केलं, हा त्या ओळीचा विषय नव्हता.

त्या सुमारास त्याला नवे चाहते मिळत होते. न्यूयॉर्कमधले डावे तरुण, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. त्यांना लेडबेलीच्या रूपात कष्टकऱ्यांचा आवाज सापडला. आणि लेडबेलीने खरोखरच त्यांना नवी गाणी दिली. १९३७मध्ये तो आणि मार्था ॲलन लोमॅक्सकडे वॉशिंग्टनला गेले. गोऱ्याच्या बिऱ्हाडात काळं जोडपं उतरलं म्हणून घरमालकाने काहूर केलं, आणि दुसरीकडे जागा मिळेना. त्या वणवणीवर त्याने ‘बूर्झ्वा ब्लूज’ रचलं. देशाच्या राजधानीवर इतकं झणझणीत गाणं त्याआधी क्वचितच कोणी केलं असेल. हे गाणं कुठल्याही मळ्यातलं नव्हतं, तुरुंगातलं नव्हतं. कालच्या अपमानावर आज केलेलं होतं. पुढे त्याने हिटलरवर, सिनेनटी जीन हार्लोवरही गाणी म्हटली. जुन्याचा राखणदार म्हणून ज्याची ख्याती झाली, तो वर्तमानपत्र वाचून गाणी करत होता.

या काळातलं दृश्य डोळ्यांपुढे आणण्यासारखं आहे. लेडबेली आणि मार्था मॅनहॅटनच्या पूर्व भागात दहाव्या रस्त्यावर एका लहानशा घरात राहत. १९४०मध्ये लोकगायक वुडी गथ्री त्यांच्याकडे मुक्कामाला असे. वुडी ओक्लाहोमाचा. बाप जमिनींचे व्यवहार आणि स्थानिक राजकारण करणारा, एके काळी बऱ्यापैकी सुस्थितीतला. पुढे घराची वाताहत झाली आणि वुडीने भटकेपण पाहिलं हे खरं, पण न्यूयॉर्कच्या मंचावर तो विस्कटलेले केस आणि चुरगळलेला शर्ट घेऊन मुद्दाम तसाच जायचा. भोवती जमणाऱ्या पोरांत पीट सीगर होता. संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांचा मुलगा, हार्वर्ड अर्धवट सोडलेला, कष्टकऱ्यासारखे साधे कपडे घालणारा. आणि या सगळ्यांच्या मध्ये घरचा यजमान. डबल ब्रेस्टेड सूट, पँटची घडी सुरीसारखी, बो टाय, चकाकते बूट. लेडबेलीचा हा टापटिपीचा पेहराव सीगर पुढे आयुष्यभर आठवून सांगत राहिला.

ज्यांना ओव्हरऑल कधी घालावा लागला नव्हता, त्यांना तो हौसेने घालावासा वाटत होता. ज्याला तो घालावाच लागला होता, त्याला तो एकदाचा खुंटीला टांगायचा होता. दोघांचंही सोंग म्हणा हवं तर. पण यात एक फरक होता. वुडीला आणि पीटला वाटेल तेव्हा कपडे बदलता येत होते. लेडबेलीला सूट घालायचा तर ‘हा आता शहरी झाला, बिघडला’ हे ऐकून घ्यावं लागे. आपल्याकडेही एखाद्या गोंधळ्याने संबळाशेजारी कीबोर्ड ठेवला की हळहळणारे, घरी स्वतः गॅसवरच स्वयंपाक करत असतात.

१९४९मध्ये लेडबेली पॅरिसला कार्यक्रमासाठी गेला. पाय जड पडू लागले होते. तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं ते स्नायू निकामी करत नेणाऱ्या एएलएस या आजाराचं. ६ डिसेंबर १९४९ला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात त्याचा अंत झाला.

आणि सहा-आठ महिन्यांत ‘आयरीन’ अमेरिकेतलं सर्वात लोकप्रिय गाणं झालं.

ते गायलं द वीव्हर्स या चौघांच्या संचाने. पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन. डेक्का कंपनीसाठी गॉर्डन जेन्किन्सने मागे व्हायोलिनांचा ताफा घातला. मॉर्फिनचा उल्लेख असलेलं कडवं गाळलं, शब्द सोज्वळ केले. १९५०च्या उन्हाळ्यात आणि पुढे तेरा आठवडे ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. फ्रँक सिनात्राने लगोलग आपली आवृत्ती काढली. वीव्हर्स नाइट क्लबांत गायचे तेव्हा पुरुष मंडळी टक्सिडो घालून उभी राहत. ज्याचं गाणं, त्याला ओव्हरऑल. ज्यांनी उचललं, त्यांना टक्सिडो. लोकगीताची साखर करून विकली म्हणून डाव्या मित्रांनीच वीव्हर्सना टोचलं. थोड्याच दिवसांत कम्युनिस्ट ठरवून उजव्यांनी त्यांची कामं बंद पाडली. एका बाजूला ते पुरेसे अस्सल नव्हते, दुसऱ्या बाजूला नको तितके.

त्या गाण्यावर हक्कदार म्हणून नावं होती दोन. ह्यूडी लेडबेटर आणि जॉन लोमॅक्स. लोमॅक्स जानेवारी १९४८मध्येच गेले होते. गाणं डोक्यावर घेतलं गेलं तेव्हा दोन्ही हक्कदार जगात नव्हते.

पण गाणं मुळात कोणाचं? लेडबेली सांगायचा, काकांकडून शिकलो. संशोधकांनी धागा आणखी मागे नेला, तेव्हा तो १८८६मध्ये छापलेल्या एका गाण्यापाशी गेला. गीतकार गसी डेव्हिस, सिनसिनाटीचा काळा माणूस. तिथल्या संगीत विद्यालयात काळा म्हणून त्याला रीतसर प्रवेश नव्हता. तिथे झाडलोट करत तो शिकला आणि पुढे बाजारात खपणारी गाणी लिहून त्याने नाव काढलं. १८९९मध्ये तो वारला. म्हणजे लोमॅक्स यांना झाकलेल्या विहिरीत जे निर्मळ पाणी सापडलं, ते पन्नास वर्षांपूर्वीचं चालू बाजारी गाणं होतं. दोन पिढ्यांच्या तोंडून फिरताना त्याचे कोपरे झिजले, नवे शब्द चिकटले, आणि ते लोकांचं झालं. १९५०मध्ये ते जिथून निघालं होतं त्या बाजारातच परतलं. फक्त गसी डेव्हिसचं नाव वाटेत गळलं.

‘रॉक आयलंड लाइन’ या रेल्वेवरच्या गाण्याची कथाही अशीच. १९३४मध्ये लोमॅक्स आणि लेडबेलीला ते आर्कान्सासच्या तुरुंगात कैद्यांकडून मिळालं. लेडबेलीने ते आपलं केलं. त्याच्याकडून ब्रिटिश गायक लॉनी डॉनेगनने घेतलं, आणि १९५६मध्ये ब्रिटनभर पोरं गिटार घेऊन ते म्हणू लागली. लिव्हरपूलचा जॉन लेनन त्यातलाच एक. श्रमिकांच्या घामाचं म्हणून डोक्यावर घेतलेलं हे गाणं आधी त्याच रेल्वेच्या लिटल रॉक इथल्या कारखान्यातल्या कामगारांचा गायकसंच म्हणत असे, कंपनीच्या प्रचारासाठी. कंपनीची जाहिरात तुरुंगात गेली आणि लोकगीत होऊन बाहेर आली.

जुलै १९६५मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेतली आणि अस्सल काय या वादात लोकसंगीताचं जग दुभंगलं, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच महोत्सवात, डिलनच्या आदल्या दिवशी, बटरफील्ड ब्लूज बँड या विजेच्या वाद्यांच्या संचाची ओळख खोचकपणे करून दिली म्हणून निवेदक आणि डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांची जुंपली. दोन धिप्पाड प्रौढ माणसं धुळीत लोळली. तो निवेदक होता ॲलन लोमॅक्स. अंगोलाच्या फाटकातून बापाबरोबर आत गेलेले धाकटे मालक आता पन्नाशीचे होते, आणि अस्सल काय ते अजून त्यांनाच ठरवायचं होतं.

लेडबेलीची दोन छायाचित्रं आज सगळीकडे दिसतात. एकात बो टाय लावलेला, गिटार सावरून उभा असलेला न्यूयॉर्कचा गवई. दुसऱ्यात पोत्यांवर बसलेला अनवाणी मजूर. जुन्या, खऱ्या दक्षिणेची खूण म्हणून बहुतेकदा हे दुसरंच छापतात. ते काढलं होतं कनेटिकटात, विल्टनमध्ये, १९३५च्या हिवाळ्यात. तिथल्या थंडीत कोणी अनवाणी हिंडत नाही. फोटोवाल्याने ‘हं, बसा’ म्हणण्याआधी लेडबेलीने बूट काढून चौकटीबाहेर ठेवले असणार. आणि तो माणूस पाहता, तेही चकचकीत पॉलिश केलेलेच असणार.